नोकरी बदलताना दिलेला शब्द



वांगणीहून पहाटेची लोकल धरणारा आपल्यातला कोणी अंबरनाथची नोकरी सोडून ठाण्याला लागला, तर राजीनामा देऊन मोकळा होतो. आखातात गेलेल्या आपल्या मुलांचे तसे नसते. त्यांचा व्हिसा कफीलच्या, म्हणजे मालकाच्या, नावाशी बांधलेला असतो. तो रीतसर बदलून न घेता दुसरीकडे काम धरले, तर मुलगा बेकायदा ठरतो. सौदीत मालकाने 'हुरूब', म्हणजे पळून गेल्याची नोंद केली, तर घरी परतणेही कठीण होते.

मग जास्त पगारासाठी पहिला मालक सोडावा का? त्याने व्हिसाचा खर्च केला, आपण करारावर सही केली. दिलेला शब्द पाळायलाच हवा. पण आपण श्रम देण्याचा शब्द देतो, स्वतःला विकत नाही. पगार अडवणारा, पासपोर्ट दडवून ठेवणारा मालक स्वतःच आधी शब्द मोडतो.

उत्पत्तीच्या पुस्तकातला याकोब आठवूया. लाबानाकडे तो वीस वर्षे राबला. लाबानाने दहा वेळा त्याचे वेतन बदलले. शेवटी याकोब न सांगता निघाला आणि लाबान सात दिवस त्याच्या मागे धावला. अन्याय लाबानाचा होता, तरी भीती मात्र याकोबाच्या वाट्याला आली. दोघांनी समोरासमोर बसून करार केला, तेव्हाच वाट मोकळी झाली.

आज ही वाट थोडी रुंदावली आहे. कतारने २०२० साली नोकरी बदलण्यासाठी मालकाच्या ना-हरकत पत्राची अट काढली. मात्र दोन वर्षांपर्यंतच्या नोकरीला एक महिन्याची आणि त्याहून अधिक नोकरीला दोन महिन्यांची पूर्वसूचना द्यावी लागते. सौदीतही मार्च २०२१ पासून एक वर्ष काम केल्यावर, ठरलेल्या अटींवर, मालकाच्या संमतीशिवाय नोकरी बदलता येते. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८१ च्या 'लेबोरेम एक्सरसेन्स' या विश्वपत्रात सांगितले होते की, परदेशी कामगार हक्कांच्या बाबतीत स्थानिक कामगारापेक्षा कमी लेखला जाऊ नये. कायदा त्या दिशेने सावकाश चालू लागला आहे.

म्हणून निघायचे असेल तर सांगून निघावे, सूचनेची मुदत भरावी, नवा व्हिसा हाती आल्यावरच नवे काम धरावे. अन्याय होत असेल, तर पळण्याआधी भारतीय वकिलातीचे दार ठोठवावे.

आपल्यावरही एक जबाबदारी आहे. दर रविवारी फोनवर आपण मुलाला, "शेजारच्याचा मुलगा जास्त पाठवतो," असे सुनावतो. मुलगा आडवाटेने जातो, तेव्हा कधी कधी त्याला त्या वाटेवर आपणच ढकललेले असते. या रविवारी आधी एवढेच विचारूया, "बाळा, तुझे कागद नीट आहेत ना?"