आठाच्या हिशेबाबाहेरची मराठी

भिवंडी तालुक्यात तानसेकाठच्या अकलोलीला लोक गरम पाण्याच्या कुंडांसाठी जातात. तिथल्या शाळेतली मुले मात्र महाराष्ट्रातल्या सगळ्या मुलांप्रमाणे शब्दांच्या आठ जाती पाठ करतात. नाम, सर्वनाम, विशेषण, क्रियापद आणि चार अव्यये. हा आठाचा हिशेब आपल्या जुन्या शास्त्राचा नाही. यास्काने निरुक्तात पदांचे चारच प्रकार मानले होते: नाम, आख्यात, उपसर्ग आणि निपात. आठ जाती ग्रीकांनी ठरवल्या, रोमने त्या शाळेत बसवल्या.

चौथ्या शतकात रोममध्ये एलिअस डोनाटस हा व्याकरणाचा शिक्षक होता. संत जेरोम त्याचाच विद्यार्थी. त्याची ‘आर्स मायनर’ ही लहानशी प्रश्नोत्तरी. ग्रीकातल्या आठ जातींत उपपद होते, लॅटिनला उपपदच नाही. तरी आठाचा आकडा मोडायचा नव्हता, म्हणून रोमच्या वैयाकरणांनी उद्गारांना वेगळी जात दिली. आपल्या ‘अरेरे’ला आणि ‘शाब्बास’ला केवलप्रयोगी म्हणून मिळालेल्या जागेचे मूळ त्या तडजोडीत आहे.

सहाव्या शतकाच्या सुरुवातीला कॉन्स्टँटिनोपलमध्ये प्रिशियनने लॅटिन व्याकरणाचे अठरा खंड लिहिले. मध्ययुगातल्या मठांनी आणि विद्यापीठांनी या दोन ग्रंथांवर शतकानुशतके विद्यार्थी घडवले. छपाई सुरू झाल्यावर गुटेनबर्गने सुरुवातीलाच जी पुस्तके छापली, त्यांत डोनाटस होता.

पण डोनाटसने पुस्तक लिहिले ते घरी लॅटिन बोलणाऱ्या मुलांसाठी. आयर्लंड-इंग्लंडच्या मठांतली मुले घरी वेगळेच बोलत. त्यांना शब्द कसा चालवायचा हेच ठाऊक नव्हते, आणि डोनाटसने ते पुरेसे सांगितलेले नव्हते. तिथल्या गुरूंनी मुलांना दोष दिला नाही. आठव्या शतकात टॅटविन आणि बोनिफेस यांनी शब्द चालवून दाखवणारी नवी व्याकरणे लिहिली. इसवी सन 1000 च्या सुमारास एल्फ्रिकने तर लॅटिनचे व्याकरण मुलांच्या इंग्रजीतूनच समजावले. मध्ययुगाची खरी कमाई मला हीच वाटते.

लॅटिनचा हा साचा आपल्याकडे दोन वाटांनी आला. थॉमस स्टीफन्सचे कोकणीचे व्याकरण त्याच्या मृत्यूनंतर 1640 मध्ये रायतूरला छापले गेले. लॅटिन शिकलेल्या जेझुइट धर्मगुरूची ती मांडणी होती. दुसरी वाट इंग्रजीची. दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी 1836 मध्ये ‘महाराष्ट्र भाषेचे व्याकरण’ लिहिले ते इंग्रजी व्याकरणाची मांडणी समोर ठेवून, आणि इंग्रजी व्याकरण लॅटिनच्या मुशीतून आलेले. दादोबांचे काम मोठेच आहे. त्यांच्यामुळे मराठीला शाळेत चालेल असे व्याकरण मिळाले. विभक्तीही आठच शिकवल्या जातात, पण त्या संस्कृतातून आल्या. म्हणजे एक आठ पश्चिमेचा, एक आठ काशीच्या पाठशाळेचा.

यात भिवंडी तालुक्यातले मूल कुठे बसते? आगरी घरातले मूल ‘मला’ऐवजी ‘मना’ म्हणते, ‘पाणी’ऐवजी ‘पानी’. पुस्तकातल्या द्वितीयेच्या प्रत्ययांत ‘ते’ आहे, जो आज कोणी बोलत नाही. ‘ना’ आहे, पण तो अनेकवचनात. मुलाचे एकवचनी ‘मना’ कोष्टकात सापडत नाही, म्हणून वहीवर लाल खूण होते. वारली, कातकरी घरांतल्या मुलांचे अंतर याहून जास्त. पुस्तक गृहीत धरते की मूल प्रमाण मराठी घरूनच घेऊन येते. डोनाटसनेही हेच गृहीत धरले होते.

प्रमाण मराठी शिकवायलाच हवी. नोकरी, न्यायालय, ग्रंथ यांची वाट तिच्यातून जाते. पण तिथवर पोचवणारे व्याकरण मुलाच्या बोलीपासून सुरू व्हावे. ‘मना’ आणि ‘मला’ शेजारी मांडावेत, दोन्हींचा नियम सांगावा, मग कुठे काय वापरायचे ते शिकवावे. एल्फ्रिकने हजार वर्षांपूर्वी जे एका मठात केले, ते आपल्या शिक्षणखात्याला, विद्यापीठांना आणि त्या बोली बोलणाऱ्या शिक्षकांना मिळून सहज करता येईल. तसे पाठ्यपुस्तक ठाणे आणि पालघर जिल्ह्यांसाठी आधी व्हावे.