सांधणाऱ्यांची सेवा

मननासाठी वचने : गलतीकरांस पत्र ६:१–५, योहान २१:९–१९



आपल्यापैकी कोणी दोषात सापडला तर त्याला सौम्यतेने पुन्हा नीट करावे, असे प्रेषित पौल गलतीयातील मंडळ्यांना सांगतो. मूळ ग्रीक भाषेत त्याने येथे ‘काटार्टिझो’ हे क्रियापद वापरले आहे. हेच क्रियापद मत्तय ४:२१ मध्येही आढळते. जब्दीचे पुत्र याकोब व योहान तारवात बसून आपली जाळी नीट करीत आहेत, असे तेथे वर्णन आहे. फाटलेले, मोडलेले, निखळलेले पुन्हा कामाजोगे करणे हा या शब्दाचा अर्थ. हा न्यायासनावरचा शब्द नव्हे, कारागिराच्या हातातला शब्द आहे. म्हणून पतित बंधूशी कसे वागावे हे शिकायचे असेल, तर एखाद्या कारागिराच्या शेजारी घटकाभर उभे राहणे बरे.

न्यूझीलंडचे नौकारचनाकार रिचर्ड हार्टली यांनी १९५० च्या दशकात सुमारे ५ मीटर लांबीच्या एका शिडाच्या होडीचा आराखडा तयार केला. ‘हार्टली टीएस १६’ हे तिचे नाव. सामान्य माणसाला घरच्या शेडमध्ये प्लायवूडच्या फळ्यांनी बांधता यावी, अशीच तिची रचना आहे. डोलकाठी उतरवता येते, तळातील पाते वर ओढून घेता येते आणि मग होडी ट्रेलरवर चढवून साध्या मोटारीमागे कोठेही नेता येते. न्यूझीलंड व ऑस्ट्रेलियात अशा कितीतरी होड्या लोकांनी आपल्या हातांनी बांधल्या. त्यांतील अनेक आज जुन्या झाल्या आहेत. एका मालकाकडून दुसऱ्याकडे जात, घरामागे ट्रेलरवर वर्षानुवर्षे उभ्या राहून त्या जीर्ण होतात. मग कोणी एक जण अल्प किमतीत ती जुनी होडी विकत घेतो आणि तिला पुन्हा पाण्यावर नेण्याचा निश्चय करतो. तो पुढे काय करतो, ते पाहू.

पहिली गोष्ट, तो रंगाला भुलत नाही. वरून पांढराशुभ्र रंग असला तरी आतील लाकूड कुजलेले असू शकते. म्हणून तो हातोडीच्या दांड्याने फळीफळीवर हलकेच ठोकून पाहतो. सुदृढ लाकूड खणखणीत आवाज देते, कुजलेले बद्द वाजते. शंका आली तेथे तो टोच्या रोवून पाहतो. आणि येथे एक विचार करण्याजोगी गोष्ट आढळते. अशा होडीला बहुधा समुद्राचे खारे पाणी कुजवीत नाही. लाकूड कुजवणारी बुरशी खारटपणात सहसा वाढत नाही. होडी नुसती उभी असताना तिच्या कोपऱ्यांत, पालापाचोळ्याखाली साचून राहिलेले पावसाचे गोडे पाणीच तिचा घात करते. ज्या लाटांशी झुंजण्यासाठी ती बांधली, त्यांनी तिचे फारसे बिघडवले नाही. तिला बिघडवले ते रिकामे उभे राहण्याने. दावीद राजाचे पतन रणांगणावर झाले नाही. राजे लढाईस निघण्याच्या दिवसांत तो यरुशलेमेतच राहिला, तेव्हा झाले (२ शमुवेल ११:१). संकटात टिकून राहिलेली कितीतरी माणसे सुखाच्या साचलेल्या पाण्यात आतून कुजतात.

डोलकाठीला आधार देणाऱ्या तारांचेही असेच आहे. त्या स्टेनलेस स्टीलच्या असतात. हे स्टील हवेतील प्राणवायूमुळे आपल्या पृष्ठभागावर एक सूक्ष्म संरक्षक थर धारण करते. परंतु तार जेथे टोकाच्या नळीत घट्ट बंद झालेली असते, तेथे हवा पोहोचत नाही. ओल मात्र पोहोचते. गंज धरतो तो तेथेच, नजरेआड. उघड्यावर चमकणारी तार झाकलेल्या जागी तुटते. योहान आपल्या पहिल्या पत्रात प्रकाशात चालण्याविषयी आग्रहाने लिहितो, त्याचे मर्म या तारेकडे पाहून ध्यानी येते.

दुसरी गोष्ट, तो धूळ उडू देत नाही. जुना रंग काढणे भागच असते. परंतु अशा रंगात शिसे असू शकते, तळाच्या रंगात शेवाळ मारणारी विषारी द्रव्ये असतात. कोरडा घासला तर विष हवेत पसरून शेजारच्या अंगणातही जाते. म्हणून जाणता कारागीर पाणी लावून ओले घासतो आणि आपल्या नाकातोंडावर मुखपट्टी बांधतो. बंधूचा दोष काढताना आपण काय करतो? उपासना संपल्यावर मंदिराच्या पायरीवर, चहाच्या कपाबरोबर, ‘प्रार्थनेसाठी सांगते हं’ असे म्हणत आपण तो कोरडाच घासतो आणि धूळ साऱ्या वस्तीभर होते. पौल सौम्यतेची अट घालतो, आणि लगेच स्वतःकडे लक्ष देण्यास सांगतो. दुसऱ्याचे पाप हाताळताना ते आपल्या श्वासाबरोबर आपल्याही आत जाऊ शकते, मोहाच्या किंवा अहंकाराच्या रूपाने.

तिसरी गोष्ट, तो निरोगी लाकूड लागेपर्यंत कापतो, परंतु होडी मोडीत काढत नाही. कुजलेल्या भागावर लांबी भरून रंग मारला तर एका हंगामात कुज दुप्पट होते. ओल्या लाकडावर इपॉक्सीही नीट धरत नाही. आधी लाकूड सुकू द्यावे लागते, आणि त्याला वेळ लागतो. मग नवी फळी जोडताना तो कडेला कड भिडवत नाही. दोन्ही फळ्यांच्या कडा रंध्याने उतरत्या करून त्या एकमेकींवर बसवतो. हा उतार जाडीच्या साधारण आठपट ठेवतात. ६ मिलिमीटरच्या फळीला ४८ मिलिमीटर. सांधा इतका लांब असतो, म्हणूनच तो ताण सोसतो.

प्रिय बंधुभगिनींनो, आपल्या मंडळ्यांत काय घडते ते प्रामाणिकपणे पाहू. मंडळीच्या निधीला हात लावलेला खजिनदार वजनदार घराण्यातला असेल, तर आपण रंग मारतो. हिशेब बंद, तोंडे बंद. दारूच्या आहारी गेलेला तरुण गरिबाघरचा असेल, तर आपण त्याची होडीच जाळून टाकतो. नाव यादीतून कमी, दार बंद. या दोन्ही गोष्टी सोप्या आहेत, आणि दोन्हींमध्ये दुरुस्ती नाही. खजिनदारापुढे हिशेब ठेवला पाहिजे, पैसे परत आले पाहिजेत, तिजोरीची किल्ली त्याच्याकडून काढून घेतली पाहिजे. ते कापणे आहे. आणि त्याच आठवड्यात कोणीतरी त्याच्या घरी जाऊन त्याच्यासोबत जेवले पाहिजे, पुढील वर्षभर जात राहिले पाहिजे. तो लांब सांधा आहे. एकमेकांची ओझी वाहा, या आज्ञेचा अर्थ एका भेटीत पुरा होत नाही.

प्रभूने स्वतः हे काम कसे केले, ते योहानाच्या एकविसाव्या अध्यायात पाहावे. पेत्राने कोळशाच्या शेकोटीपाशी उभे राहून प्रभूला तीन वेळा नाकारले होते. पुनरुत्थित प्रभूने सरोवराच्या काठी पुन्हा कोळशाचाच विस्तव पेटवला. आधी त्याने शिष्यांना न्याहारी दिली. मग त्याने पेत्राला प्रेमाविषयीचा प्रश्न तीनदा विचारला. तिसऱ्या वेळी पेत्र दुःखी झाला, कारण टोच्या नेमका त्या जागी पोहोचला होता. प्रभूने घडलेले झाकले नाही, चारचौघांत त्याचा पाढाही वाचला नाही. प्रत्येक उत्तरानंतर त्याने पेत्राच्या हाती मेंढरांची सेवा सोपवली.

हीच शेवटची गोष्ट. होडी दुरुस्त करतात ती पाण्यावर नेण्यासाठी. वसई–उत्तनच्या किनाऱ्यावरील आपल्या कोळी बंधूंना हे सांगण्याची गरज नाही. पावसाळ्यात वर ओढलेली नाव हंगाम येताच पाण्यात उतरलीच पाहिजे. मात्र सांधलेल्या होडीला कोणी पहिल्याच दिवशी वादळात लोटत नाही. आधी आडोशाचे पाणी, मंद वारा, आणि कोठे पाणी आत येते का हे पाहणारा एक डोळा. पश्चात्ताप केलेल्या खजिनदाराला लगेच पुन्हा तिजोरी देणे हे शहाणपण नव्हे, प्रेमही नव्हे. पण आजाऱ्याच्या भेटीला जाण्यास, मंदिर झाडण्यास, स्तोत्र म्हणण्यास त्याला कोणी का अडवावे? क्षमा केली म्हणून शेडमध्येच उभी करून ठेवलेली होडी पुन्हा त्याच गोड्या पाण्याने कुजेल.

वृद्धपणी पेत्राने आपल्या पहिल्या पत्राच्या अखेरीस लिहिले की, थोडा काळ दुःख सोसल्यावर सर्व कृपेचा देव स्वतः तुम्हांला पूर्ण करील (१ पेत्र ५:१०). तेथेही मूळ ग्रीकमध्ये तेच क्रियापद आहे. ते त्याने शब्दकोशातून घेतले नव्हते. त्या विस्तवापाशी प्रभूच्या हातांनी तो स्वतः नीट केला गेला होता.

तर या आठवड्यात एकच करावे. आपल्या मंडळीतून गेली काही वर्षे न दिसणारे एक नाव आठवावे, आणि त्या दारावर हलकेच ठोकावे.

प्रार्थना : हे प्रभू येशू, नासरेथच्या सुतारा, आमच्यातील जे कुजले आहे ते प्रकाशात आण. कापताना तुझा हात स्थिर आहे यावर आमचा विश्वास राहो. ज्यांना आम्ही टाकून दिले त्यांच्याकडे आम्हांला पाठव, आणि आमच्या हातांना तुझी सौम्यता दे. आमेन.