दोन्ही घरचा पाहुणा

शिकागो शहरात रेड लाइन ही लोकल उत्तर-दक्षिण धावते. उत्तरेला एडिसन स्थानकावर उतरले की जवळच रिग्ली फील्ड लागते : 1914 साली बांधलेले, आज कब्स या बेसबॉल संघाचे घर असलेले मैदान. तीच गाडी शहराच्या पोटातून दक्षिणेला जाते आणि पस्तिसाव्या रस्त्यावर व्हाइट सॉक्सच्या मैदानापाशी सोडते. एका तिकिटात दोन्ही मैदाने होतात. तरी या शहरात बेसबॉल पाहणाऱ्याने एकच संघ आपला मानायचा असतो. 'मला दोन्ही आवडतात' म्हणणाऱ्याकडे लोक जरा संशयाने पाहतात. अशा माणसासाठी आपल्याकडे म्हण तयारच आहे : दोन्ही घरचा पाहुणा उपाशी.

म्हणीत नुसता व्यवहार आहे. त्या संशयात मात्र नैतिक आरोप आहे. निष्ठा वाटली की ती निष्ठाच उरत नाही, असा तो आरोप. तो खरा आहे का?

आधी ही निष्ठा येते कुठून ते पाहू. सर्वसाधारण समजूत अशी, की उत्तरेचे लोक कब्सचे आणि दक्षिणेचे सॉक्सचे. या भूगोलामागे वर्ग आणि वर्णही आहे. दक्षिण भाग कत्तलखान्यांचा, कारखान्यांचा, कामगारांचा. विसाव्या शतकात शिकागोत आलेली कृष्णवर्णीय कुटुंबेही प्रामुख्याने तिथेच वसली. पण भूगोल सगळे ठरवत नाही. बराक ओबामा सॉक्सचे उघड चाहते. मिशेल ओबामा वाढल्या दक्षिण शिकागोत, पण त्या कब्सच्या. 2016 च्या विजेत्या कब्स संघाचा पुढच्या जानेवारीत व्हाइट हाउसमध्ये सत्कार झाला, तेव्हा ओबामांनी याचे कारण सांगितले : त्या शाळेतून घरी येत तेव्हा वडील कब्सचा सामना पाहत बसलेले असत. कब्सचे घरचे सामने 1988 च्या ऑगस्टपर्यंत दिवसाउजेडीच होत, त्यामुळे शाळा सुटल्यावर ते टीव्हीवर सापडत.

म्हणजे ही निष्ठा कोणी तर्काने निवडत नाही. मातृभाषेसारखी ती घरात, कोणाच्या तरी शेजारी बसून लागते. मग ज्याची आई उत्तरेची आणि वडील दक्षिणेचे, त्याला दोन निष्ठा मिळाल्या तर त्यात त्याचा दोष कोणता?

शिकागोत बराच काळ हा प्रश्न टाळता येत होता. दोन्ही संघ वेगवेगळ्या लीगमध्ये खेळतात. 1906 साली ते वर्ल्ड सिरीजमध्ये समोरासमोर आले, आणि त्या हंगामात 116 सामने जिंकलेल्या बलाढ्य कब्सना सॉक्सनी 4-2 असे हरवले. त्यानंतर 1997 साली आंतरलीग सामने सुरू होईपर्यंत त्यांच्यात गुणतक्त्यात धरला जाणारा एकही सामना झाला नाही. हौसेचे, प्रदर्शनी सामने झाले, तेवढेच. म्हणजे एक्क्याण्णव वर्षे दोन्ही संघांवर प्रेम करणाऱ्याची खरी परीक्षाच झाली नाही. दोन निष्ठा एकमेकींच्या वाटेत येत नाहीत तोवर त्या बाळगणे सोपे असते.

कब्सनी 1908 साली अजिंक्यपद मिळवले, ते पुन्हा मिळायला 108 वर्षे लागली. त्याच 1908 साली हार्वर्डमधले तत्त्वज्ञ जोसाया रॉइस यांचे 'द फिलॉसॉफी ऑफ लॉयल्टी' हे पुस्तक प्रसिद्ध झाले. दोन निष्ठावंतांच्या निष्ठा एकमेकींशी भिडल्या तर काय करायचे, हा त्यातला एक मुख्य प्रश्न आहे. आपली निष्ठा अशी असावी, की तिने इतरांच्या निष्ठेला बळ मिळावे, तिचा घात होऊ नये, असे रॉइस म्हणतात. निष्ठेविषयीच निष्ठा ठेवा, हा त्यांचा सल्ला. या मापाने पाहिले तर प्रतिस्पर्ध्याचा द्वेष हा निष्ठेचा पुरावा ठरत नाही. सॉक्सवर जीव असलेल्या माणसाला समोरच्या कब्सवाल्यामध्ये आपल्यासारखाच कोणीतरी दिसायला हवा.

पण संशय घेणाऱ्याचे म्हणणे एवढ्याने संपत नाही, आणि त्यात तथ्य आहे. 2024 च्या हंगामात व्हाइट सॉक्स 162 पैकी 121 सामने हरले. आधुनिक बेसबॉलमध्ये एका हंगामात इतके पराभव कोणाच्याच वाट्याला आले नव्हते. ज्याला सॉक्सशिवाय दुसरे काही नाही, त्याने तो सगळा उन्हाळा सोसला. दोन्ही संघांवर प्रेम करणाऱ्याला मात्र पळवाट होती. गाडीत बसायचे आणि उत्तरेला उतरायचे. लोकांना खटकते ते दोघांवरचे प्रेम नव्हे, ही पळवाट खटकते. निष्ठेत दुखावले जाण्याची तयारी असावी लागते, आणि ज्याने विमा उतरवून ठेवला आहे त्याची तयारी कशी मोजायची?

इथे म्हणीतल्या त्या पाहुण्याकडे पुन्हा पाहावे लागेल. दोन घरांशी नाते फक्त पाहुण्याचे नसते. सासरी नांदणाऱ्या लेकीचेही असते. दोन्ही घरांत कुरबूर झाली तर पाहुणा जेवण आटोपून तिसरीकडे जातो. लेकीला दोन्हीकडचे लागते. 'कोणीही जिंको, मी जिंकलो' म्हणणारा चाहता पाहुणा आहे. 'कोणीही जिंको, माझे काहीतरी हरले' असे ज्याला वाटते, त्याची निष्ठा वाटली गेलेली नाही. ती दुप्पट झाली आहे आणि तिची किंमतही दुप्पट आहे. म्हणून विचारायचेच असेल तर 'तू कोणाचा?' यापेक्षा 'वाईट वर्षी तू कुठे होतास?' हे विचारावे.

न्यूयॉर्कमध्ये याचे वेगळे टोक दिसते. तिथे डॉजर्स आणि जायंट्स एकमेकांचे हाडवैरी. 1957 चा हंगाम संपल्यावर दोन्ही संघ मालकांच्या निर्णयाने कॅलिफोर्नियाला गेले. मागे राहिलेल्या चाहत्यांची निष्ठा खरी होती, पण तिला घर उरले नाही. 1962 साली मेट्स हा नवा संघ आला. त्याने डॉजर्सचा निळा रंग घेतला आणि जायंट्सचा नारिंगी. वर्षानुवर्षे एकमेकांना शिव्या घालणाऱ्यांचे रंग एका टोपीवर आले, तेही दोघांचे संघ गेल्यावर. शिकागोत दोन्ही संघ अजून आहेत. तिथल्या एखाद्या घरात वडिलांची टोपी काळी आणि आईची निळी असेल, तर पोराला दोन्ही घालू द्याव्यात. मात्र संघ हरत असतानाही त्याची टोपी डोक्यावर असते का, एवढे पाहावे.