फराळाला नको म्हणताना

वाचक माउली, दशमीच्या रात्री तुमच्या घरी शाबू भिजत पडतो ना? आमच्या मुरगुडातही पडतो. सकाळी खिचडी, दुपारी वरीचा भात आणि शेंगदाण्याची आमटी, चार वाजता बटाट्याचा कीस, रात्री कीर्तन उतरल्यावर केळी आणि मध्ये मोजदाद नसलेले चहा. ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ ही म्हण मी कीर्तनात चाळीस वर्षे हशा मिळवण्यासाठी वापरली. आता रोज सकाळी साखरेची गोळी घेताना तो हशा आठवतो.

ज्ञानोबारायांच्या काळी शाबू, बटाटा, शेंगदाणा यांतले काहीच या देशात नव्हते. हे सगळे मूळचे अमेरिका खंडातले, पोर्तुगीज आल्यानंतर इकडे पोहोचलेले. तमिळनाडूत सेलमकडे शाबूचे कारखाने निघाले ते तर १९४० नंतर. म्हणजे ज्याला आपण परंपरा म्हणून छातीशी धरतो, ते ताट आपल्या आजोबांच्या आठवणीतले आहे.

शाबू म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. पोटात गेले की त्याची साखर होते. ती रक्तात चढली की स्वादुपिंड इन्सुलिन सोडते. त्याच्या हुकमाने शरीर साखर आत घेते, उरलेली यकृतात साठवते आणि तिथेही मावेनाशी झाली की चरबी करून ठेवते. रात्रभर पोट रिकामे राहिले की हे कोठार उघडते आणि साठा खर्ची पडू लागतो. दिवसभर तोंड चालूच असेल तर कोठार उघडायचे कधी? वर्षानुवर्षे असे चालले की शरीर इन्सुलिनचा हुकूम ऐकेनासे होते. मधुमेह हळूच येतो तो या वाटेने. (आमच्या भागातला गूळही साखरच, माउली. ‘गूळ चालतो’ ही आपण केलेली सोय आहे.)

कोणी म्हणेल, मी तर काडीसारखा, मला काय होणार? पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचाच दाखला दिला. दोघांचेही उंचीच्या मानाने वजन सारखे, २२.३. पण युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि आपल्या याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के! सदऱ्याच्या मापावर विसंबू नये.

हे सगळे कळूनही मला अडवत होती ती वेगळीच गोष्ट. वारीच्या वाटेवर एक म्हातारी शिऱ्याचा द्रोण पुढे करते. तिने तो कसा केला असेल, हे तिच्या लुगड्याकडे पाहूनच कळते. त्या हाताला नको म्हणणे हा अन्नाचा अपमान नाही का? मी कित्येक वर्षे ‘नाही’ म्हटले नाही. माझ्याबरोबर चालणाऱ्या एका टाळकऱ्यानेही म्हटले नाही. त्याच्या पायाला बधिरपणा आला, खडा रुतलेला कळला नाही, जखम चिघळली आणि अंगठा काढावा लागला. आता तो दिंडी निघताना वेशीपर्यंत येतो आणि तिथून परत फिरतो.

तेव्हा मला उमगले की मी त्या म्हातारीचे मन राखत नव्हतो, जिभेचे राखत होतो. तिचे नाव पुढे करत होतो इतकेच. तिला हवा होता माझा नमस्कार आणि प्रसादाचा एक कण. द्रोण रिकामा करण्याची घाई माझी होती. गीतेच्या सहाव्या अध्यायात अति खाणाऱ्याला योग नाही असे सांगितले आहे, आणि मुळीच न खाणाऱ्यालाही नाही. ज्ञानेश्वरीत ते प्रकरण मी किती वेळा निरूपणाला घेतले असेल! पण घेतले ते इतरांसाठी.

त्यातल्या दुसऱ्या बाजूचेही सांगतो. साखरेची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्याने भक्तीच्या भरात निर्जळी करू नये. साखर एकदम उतरते, घाम फुटतो, माणूस वाटेतच कोसळतो. आधी डॉक्टरांना विचारावे. अशा वेळी चार घास खाल्ले तर विठोबा रागावत नाही.

गेल्या एकादशीला एका घरी कीर्तन ऐकायला गेलो होतो. खिचडीचे ताट आले. त्यातला चमचाभर तळहातावर घेतला, कपाळाला लावून खाल्ला आणि ताट परत दिले. घरची सून म्हणाली, “महाराज, काही चुकलं का?” मी म्हटले, “नाही गं बाई, खिचडी फार चांगली झालीय. वाटीभर ताक दे.” तिने ताक आणले. ताट मात्र जाताना पुन्हा एकदा पुढे केलेच.