विचारलंय का?

आजीच्या पंच्याहत्तरीला मी चारशे फोटो काढले. औक्षणाच्या वेळी ती रडली, तोही निघाला. सगळ्यांत खरा तोच. फॅमिली ग्रुपवर टाकणार, तेवढ्यात वाटलं, तिला विचारलंय का?

रोलाँ बार्थ यांनी ‘कॅमेरा ल्युसिडा’त (१९८०) आईच्या लहानपणीच्या फोटोवर भरभरून लिहिलं, पण तो छापला नाही. परक्यांना त्यात काहीच दिसलं नसतं, असं त्यांचं म्हणणं.

आमच्या ग्रुपवर परकं कुणी नाही. तरी फोटो माझ्या फोनमध्ये आहे म्हणून ते रडणं माझं होत नाही. शेवटी आजीलाच दाखवला. म्हणाली, “तेव्हा तुझे आजोबा आठवले रे. राहू दे तुझ्यापाशीच.”

राहू दिलाय. पण उद्या ती नसताना हार घालायला फोटो शोधेन, तेव्हा हाच समोर येईल. मग कुणाला विचारू?