उताराचे पाणी आणि शेजारधर्म

उतारावर घर बांधायचे म्हणजे जमिनीची पातळी बदलणे आले. एका बाजूला खोदकाम होते, दुसऱ्या बाजूला भराव पडतो आणि पावसाच्या पाण्याची जुनी वाट मोडते. त्यामुळे जोत्याची उंची आणि नालीचा उतार हे प्रश्न गवंड्याइतकेच धर्मविचाराचेही ठरतात. वरून येणारे कोणते पाणी खालच्या घराने सोसावे आणि कोणत्या पाण्याचा जाब वरच्या घराने द्यावा, हा त्यातला मूळ प्रश्न आहे.

यवतमाळ जिल्ह्यातील नेर परसोपंतच्या परिसरात या प्रश्नाला मातीचीही बाजू आहे. दख्खनच्या बेसाल्टवरील या मुलखात चढावर मुरमाड बरड, तर खोलगटात भारी काळी माती आढळते. मुरमातून पाणी लवकर झिरपते. काळी माती मात्र ओलीने फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. पायाजवळ पाणी मुरत राहिले की भिंतींना तडे जातात. म्हणजे वरच्याने सोडलेले पाणी खालच्याच्या अंगणात साचते आणि पुढे त्याच्या पायालाही लागते. प्रमाणही लहान नसते : १०० चौरस मीटर छतावर ५० मिलिमीटर पाऊस पडला, तर ५,००० लिटर पाणी जमते.

प्लॉट घेताना अनेकजण आधी दिशा पाहतात. ईशान्य सखल आणि नैर्ऋत्य उंच असावी, हा वास्तुविचार सर्वत्र रुळला आहे. प्लॉटचा उतार दक्षिणेकडे असेल, तर मुरूम टाकून तो उलटा करण्याकडे कल असतो. परंपरेचा आवाज मात्र एकच नाही. मयमतासारखे ग्रंथ पूर्वेकडचा व उत्तरेकडचा उतार पसंत करतात. सहाव्या शतकातील वराहमिहिर बृहत्संहितेत उत्तर, पूर्व, दक्षिण आणि पश्चिम असे चार उतार अनुक्रमे चार वर्णांना इष्ट सांगतो. ही वर्णवाटणी आज कोणी मान्य करण्याचे कारण नाही. तिच्यातून एवढे मात्र दिसते की, दक्षिणेचा उतार सरसकट अशुभ आहे असे त्याने मानलेले नाही.

घराच्या पाण्याचा शेजाऱ्याशी येणारा संबंधही प्राचीन ग्रंथांनी सोडलेला नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातील ‘धर्मस्थीय’ अधिकरणात, पाण्याची मोरी शेजाऱ्याच्या भिंतीपासून ठरावीक अंतर सोडून काढावी, असा नियम आहे आणि तो मोडणाऱ्याला ५४ पण दंड सांगितला आहे. १८८२ च्या भारतीय सुविधाधिकार अधिनियमातील कलम ७ च्या उदाहरणांत दुसरी बाजू येते : वरच्या जमिनीवर पडणारे, ठरावीक प्रवाहात न वाहणारे पाणी खालच्या मालकाने नैसर्गिकपणे उतरू दिले पाहिजे. भराव घालून, पन्हळ लावून किंवा भिंतीला भोक पाडून एका जागी आणलेल्या पाण्याला हा आधार पुरत नाही.

भारतीय कर्मविचारातील प्रारब्ध आणि क्रियमाण हा भेद येथे उपयोगी पडतो. जमिनीचा मूळ उतार वाट्याला आलेला असतो. त्याबद्दल वरच्याला दोष देता येत नाही आणि खालच्याला तक्रार करता येत नाही. भराव, फरशी, छत आणि नाली मात्र केलेली कर्मे आहेत. त्यांनी पाणी वाढले, वेगावले किंवा दुसरीकडे वळले, तर त्याचे फळ कर्त्याकडेच येते. आपल्या घराला शुभ दिशा मिळावी म्हणून शेजाऱ्याचे जोते भिजवणे या कसोटीवर टिकत नाही.

ही कसोटी प्रत्यक्ष बांधकामात उतरवता येते. आखणीपूर्वी लेव्हल पाइपने चारही कोपऱ्यांच्या, रस्त्याच्या आणि रस्त्याकडेच्या नालीच्या तळाच्या पातळ्या घ्याव्यात. पाणी शेवटी कोठे जाणार हे आधी ठरवून मगच जोते ठरवावे. जोत्याची उंची सर्वांत उंच बाजूच्या जमिनीपासून मोजावी आणि ती किमान ४५ सेंटिमीटर ठेवावी. चढाच्या बाजूला आडवा चर काढून वरचे पाणी घराला वळसा घालून न्यावे. भिंतीलगतची जमीन पहिल्या ३ मीटरमध्ये सुमारे १५ सेंटिमीटर बाहेर उतरती असावी. उतार जास्त असेल, तर मोठ्या भरावापेक्षा घर दोन पातळ्यांवर बांधणे बरे. भराव टाळता येत नसेल, तर तो थराथराने ठोकून घ्यावा, पाया मात्र मूळ घट्ट जमिनीपर्यंत न्यावा आणि राखण भिंतीला पाणी निघण्यासाठी भोके ठेवावीत. त्या भोकांचे पाणीही आपल्याच हद्दीतील नालीत घ्यावे. काळ्या मातीत शोषखड्डा पायालगत करू नये.

कधी रस्त्याची नाली प्लॉटपेक्षा उंच असते आणि एकट्या घराला वाट सापडत नाही. तेथे शेजारधर्म गावधर्म होतो. शेजारच्या अमरावती जिल्ह्यात जन्मलेले गाडगेबाबा दिवसा गाव झाडत आणि रात्री कीर्तन करत. तुकडोजी महाराजांच्या ग्रामगीतेतही ग्रामशुद्धीला स्वतंत्र अध्याय आहे. या परंपरेत सार्वजनिक स्वच्छता हीच उपासना ठरते. त्या दृष्टीने सामाईक नालीचा खर्च ज्यांचे पाणी तिच्यात येते त्या सर्वांनी उचलावा, वरच्याने आणलेल्या जादा पाण्याचा वाटा वरच्याने जास्त द्यावा आणि खालच्याने मूळ ओघळ बुजवू नये. नाली उपसण्याची जबाबदारीही याच हिशेबाने वाटली जाते.