संकल्पाला दिवस हवा

वाचन : १ करिंथ. १६:१-४, २ करिंथ. ८:१०-१२



वर्षाच्या शेवटच्या रात्री उपासनेत आपण किती तरी संकल्प करतो. यंदा कर्ज फेडीन, मुलांच्या शिक्षणासाठी काही शिल्लक टाकीन, शास्त्रवाचनात खंड पडू देणार नाही. ईस्टर येईतो त्यांतील बहुतेक विस्मृतीत गेलेले असतात. तेव्हा आपले मन खोटे होते काय? नाही. मन उत्सुक होते. परंतु संकल्पाला ना दिवस होता, ना मोजमाप.

करिंथ येथील मंडळीचेही असेच झाले. यरुशलेमेतील गरीब पवित्र जनांसाठी पौल वर्गणी गोळा करीत होता. त्याविषयी त्याने करिंथकरांना इ.स. ५५ च्या सुमारास लिहिले. पुनरुत्थानाचा थोर अध्याय संपतो न संपतो तोच तो पैशाच्या विषयाकडे वळतो. सार्वकालिक आशा आणि घरचा हिशेब यांत त्याला अंतर वाटत नाही. त्याची सूचना किती नेमकी आहे पाहा! केव्हा? आठवड्याच्या पहिल्या दिवशी. कोणी? प्रत्येकाने. कोठे? आपल्याजवळ, निराळे काढून. किती? ज्याला जसे यश मिळाले असेल त्या मानाने.

या 'यश मिळणे' शब्दाशी भाषांतर करताना मी बराच वेळ थांबलो. मूळ ग्रीक क्रियापदात 'चांगली वाट' हा अर्थ दडलेला आहे. आपली भरभराट म्हणजे कोणीतरी आपली वाट सुकर केली आहे. तो वाट देणारा विसरला की मिळकतीचा गर्व होतो.

पुढे काय झाले? दुसऱ्या पत्रात पौलाला आठवण द्यावी लागली की, गतवर्षी तुम्हीच आरंभ केला होता. आता ते कार्य पुरे करा. करिंथकरांच्या उत्सुकतेने मासेदोनियातील बंधूंना स्फूर्ती मिळाली, पण त्यांचे स्वतःचे काम अपुरेच होते. तिकडे यरुशलेमेत गरिबांची गरज थांबून राहिली नव्हती. आपला प्रत्येक लांबलेला संकल्प कोणाला तरी वाट पाहायला लावतो, मग ते आपले लेकरू असो वा शेजारची विधवा. अखेरीस अखयानेही आपला वाटा उचलला, हे रोमकरांस पत्रावरून कळते (१५:२६).

मात्र नेमकेपणा एवढाच पुरेसा नाही. दाखल्यातील धनवान मूर्खाचेही ध्येय स्पष्ट होते : जुनी कोठारे पाडायची, मोठी बांधायची (लूक १२). त्याच्या बेतात चूक नव्हती ती मोजमापाची. त्या बेतात देव नव्हता आणि शेजारीही नव्हता.

म्हणून प्रियजनहो, आज एक कागद घ्या. 'कर्ज फेडायचे आहे' असे लिहू नका. पगाराच्या दिवशी किती रुपये बाजूला काढणार ते लिहा. 'बायबल वाचायचे आहे' असे लिहू नका. कोणते पुस्तक, किती वाजता, ते लिहा. रक्कम लहान असली तरी लाजू नका. मनाची उत्सुकता असली म्हणजे जवळ असेल त्या मानानेच देणे मान्य होते, नसेल त्या मानाने नव्हे, असे पौलच सांगतो. त्या कागदावर दुसऱ्या कोणाच्या तरी गरजेसाठी एक ओळ अवश्य ठेवा. आणि शेवटी, प्रभूची इच्छा असेल तर, हे याकोबाचे भान राखून तो कागद त्याच्या चरणी ठेवा.

ज्याने आपल्यामध्ये चांगले काम आरंभिले तो ते सिद्धीस नेण्यास समर्थ आहे. त्यालाच गौरव असो. आमेन.